गजर आणि अंगठा

गेल्या दिवाळीच्या आधी विद्याधरदादाचा न्हाणीघरात पाय घसरला, कंबर दुखावली, आणि डॉक्टरांनी त्याला गाडीत बसायची बंदी केली. झाशीतल्या झाशीत सदर बाजारापर्यंतसुद्धा ऑटोने जायचं नाही, मग लांबच्या मोठ गावाचं तर नावच सोडा. दादा माझा थोरला भाऊ. कळायला लागल्यापासून माघातल्या गणेशजन्माला तो मोठला गेला नाही असं एकही वर्ष नाही.

मोठच्या बाजारातून आत वळलं की वाटाण्याच्या आणि मोहरीच्या शेतांमध्ये आपल्या मराठी लोकांचं एक लहानसं गणपतीचं देऊळ आहे. फौजेबरोबर इकडे आलेल्या कुणा पूर्वजाने बांधलं म्हणतात. त्यांचे वंशज आता कुणी कचेरीत, कुणी कॉलेजात, कुणी कानपूरला, कुणी भोपाळला. पण माघात तीन दिवस जमेल तेवढी माणसं तिथे येतात. ग्वाल्हेरहून मकरंदबुवा येतात. दुपार कलली की कीर्तन उभं राहतं आणि दिवेलागणीला आरती होते, म्हणजे झाशीच्या लोकांना वेळेत घरी परतता येतं.

मला विचाराल तर वर्षभर मी त्या तीन दिवसांच्या शिदोरीवर जगतो. त्यातही मध्यंतरीचा गजर. पूर्वरंग संपतो, बुवा क्षणभर डोळे मिटतात, बुक्का लावला जातो, हार पडतो, आणि सगळी सभा उठून उभी राहते. मोरयाचं नाव आधी सावकाश, मग चढत चढत जातं, आणि शेवटी आपण म्हणतोय की नाव आपल्याला म्हणतंय हेच कळेनासं होतं. त्या वेळी माझ्या हातात झांजा असतात. निवृत्त झालो त्या दिवशी साहेबांनी भाषणात माझं काय काय कौतुक केलं ते विसरलो, पण दर वर्षीचा गजर आठवतो.

तर दादाने यंदा एकच गोष्ट मागितली. म्हणाला, मला फोटो नकोत. फोटोत माणसं आपल्याला दाखवायला उभी राहतात. तो दर वर्षी गजराच्या वेळी देवळाच्या पायरीवर उभा राहायचा आणि आवारातल्या विहिरीकडच्या बायकांपासून ते थेट बुवांपर्यंत एकदा मान फिरवून सगळ्या सभेला बघून घ्यायचा. कोण आलं, कोण कुणाशेजारी उभं आहे, कुणाचे केस पांढरे झाले. तेवढंच त्याला बघायचं होतं. एका दमात, मध्ये न तोडता.

त्याची नात जाई तिथेच बसली होती. दादाच्या मुलाची, देवेंद्रची मुलगी, सदर बाजारातल्या एका स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ करते, ड्रोन उडवते. मराठी तिला सगळं कळतं, बोलताना मात्र निम्म्यावर आली की हिंदीत उतरते. ती म्हणाली, "म्हणजे पॅन. हो जाएगा, आजोबा."

झाशीत किल्ला आणि छावणीमुळे ड्रोन काढायची सोय नाही, पण मोठकडे चालतं, हे तिने नकाशात पाहून ठेवलं, चौकीवरही सांगून आली. माणसांच्या डोक्यावर मशीन न्यायचं नाही हा तिचा स्वतःचा नियम. म्हणून तिने ठरवलं की देवळाच्या भिंतीबाहेरच्या खळ्यावर आपण उभं राहायचं, ड्रोन भिंतीच्या कोपऱ्यावर दीपमाळेहून जरा उंच एका जागी थांबवायचा, आणि त्याचं तोंड तेवढं विहिरीकडून बुवांकडे वळवायचं. वळण उजवीकडे. मी विचारलं, उजवीकडेच का? तर म्हणाली, देवळात उलटं कसं फिरवणार? मला बरं वाटलं.

अडचण बुवांची होती. त्यांनी ते मशीन हातात घेऊन पाहिलं, उडवून दाखवायला सांगितलं, आणि त्याची भुणभुण ऐकल्यावर म्हणाले की आख्यानात हे नको, माझं आणि श्रोत्यांचं, दोघांचंही ध्यान उडेल. उडवायचं तर गजरात उडवा. गजरात हे कुणाच्या कानावर येणार नाही.

असं ते ठरलं.

पहिल्या दिवशीचं चित्रण आम्ही रात्रीच्या जेवणाआधी दादाच्या पलंगावर लॅपटॉप ठेवून लावलं. दादाच्या सुनेने, क्षमाने, उशा रचून त्याला बसतं केलं होतं. चित्र सुरू झालं आणि दादा पुढे वाकला. मग आणखी वाकला. सभा होती, पण रांगोळीवरून कुणी तळहात फिरवावा तशी. लाल, पिवळे, पांढरे पट्टे उजवीकडून डावीकडे वाहत होते.

"जाई, ही माणसं आहेत की नदीत सोडलेले दिवे?" दादाने विचारलं. एका लाल पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाला, ही कोण? क्षमा म्हणाली, लाल शालू म्हणजे स्वातीवन्स असणार. दादा म्हणाला, शालू ओळखायला मी एवढा जागा राहिलो नाही.

जाईचं तोंड उतरलं. पण ती रडून बसणारी पोर नव्हे. चित्र मागेपुढे करत राहिली आणि थोड्या वेळाने तिला कारण सापडलं. लग्नं भर उन्हात असतात, तेव्हा ती कॅमेऱ्यावर एक काळी काच चढवते. ती संध्याकाळी काढायची राहून गेली होती. मी विचारलं, काचेने काळोखी यायला हवी, माणसं का पुसली जावीत? तिने समजावलं ते असं: अंधारलं की कॅमेरा उजेड पुरा पडावा म्हणून प्रत्येक चित्रासाठी डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो. तेवढ्या वेळात तोंड वळत असेल तर समोरचं सगळं त्याच्यावर ओढलं जातं. म्हणजे आरती ओवाळताना ज्योतीची रेघ दिसते, तसं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, बस, वही.

मला तेव्हापासून त्या मशीनची गोडी लागली. डोळा उघडा ठेवला आणि मान स्थिर नसली की दर्शन होत नाही, ही गोष्ट मी इतकी वर्षं बुवांच्या तोंडून वेगळ्या शब्दांत ऐकत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी काच काढली. त्या दिवशी मात्र अजबच झालं. चित्र कुठेही थांबवलं तरी प्रत्येक चेहरा लख्ख. स्वातीच्या नाकातली चमकी दिसावी इतका लख्ख. पण चालू केलं की पहिला भाग ठीक, विहिरीपाशी उभ्या असलेल्या बायका नीट, त्यांच्यापुढची म्हातारी मंडळी नीट, आणि मग पेटीवाल्याच्या जरा अलीकडे चित्र अडखळायला लागायचं. चेहरे टुणटुण उड्या मारत निघून जायचे. एकावर नजर ठरतेय तोवर तो गेलेला. बुवा तर येऊन गेले हे कळायचंसुद्धा नाही.

दादाने तीनदा पाहिलं. जाई म्हणाली, आजोबा, मी थांबवत थांबवत दाखवू? दादा म्हणाला, थांबवून बघायचं तर फोटोच पाठवायचे होते. मग त्याने चष्मा काढून क्षमाच्या हातात दिला आणि म्हणाला की पोरीने पुष्कळ केलं, आता उद्या तिला शांतपणे कीर्तन ऐकू दे. आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्याच्या रागाचं मला कधी भय वाटलं नाही, पण हे समजूतदार बोलणं मला सोसेना. एकच दिवस उरला होता.

सकाळी मी जाईकडे ते चित्रण मागून घेतलं आणि बघत बसलो. ती म्हणत होती वारा असेल. वळण्याचा वेग तिने मशीनमध्ये आधीच उतरवून ठेवला होता, तरी त्या मर्यादेत रिमोटच्या दांडीवरच्या अंगठ्याला पुष्कळ मोकळीक राहते. आणखी उतरवला तर वाऱ्यात तोंड सावरायला जोर उरत नाही. वारा असेलही. पण वारा पेटीवाल्यापाशीच का यावा, आणि दोन्ही दिवस? परवाच्या पुसट पट्ट्यांकडे पुन्हा पाहिलं तर तिथेही पेटीच्या बाजूला पट्टे जास्त लांब ओढलेले होते.

ड्रोनला डोळा असतो, कान नसतो. चित्रण मुकंच येतं. मुक्या गजराकडे मी बघत होतो, आणि सवयीने माझं लक्ष तोंडांवरून हातांवर गेलं. विहिरीपाशी टाळ्या संथ. पुढे टाळ्या जरा जवळ जवळ. पेटीपाशी हात असे चालले होते की तिथे लय दुप्पट झालीय हे बहिऱ्यालाही कळावं. मी क्षमाला विचारलं, काल गजर मोबाइलवर घेतला होतास ना? तिने लावला. मी दोन्ही बरोबर सुरू केले. एकदा चुकलं, दुसऱ्यांदा जमलं. बुवांनी जिथे दुगुण घेतली, नेमकं तिथेच चित्र उड्या मारायला लागलं.

मी जाईला हाक मारली आणि सांगितलं, तुझा अंगठा गजरात चढतो.

तिचा विश्वास बसेना. म्हणाली, काका आजोबा, मैं तो स्क्रीन देख रही थी, गजर की तरफ ध्यान ही नहीं था. वर विचारलं की वरातीत बँड वाजतो, लोक नाचतात, तिथे कसं काही होत नाही? हा प्रश्न मात्र बिनतोड होता. मी म्हटलं, करून बघू.

मशीन बंदच ठेवलं. नुसता रिमोट तिच्या हातात दिला, मी दिवाणावर मांडी घातली, आणि तिला सांगितलं की विहिरीपासून निघालीस असं समज आणि एका चालीने वळव. मी गजर धरला. आधी सावकाश. तिची नजर समोरच्या कॅलेंडरवर होती, माझी तिच्या अंगठ्यावर. मी जरा चढवली. अंगठा जरासा पुढे सरकला. आणखी चढवली. अंगठा आणखी पुढे. मी थांबलो आणि म्हटलं, आता तिथून न हलवता खाली बघ.

तिने पाहिलं. दांडी जवळजवळ टोकाला टेकली होती. ती बघतच राहिली आणि मग हसायला लागली.

"मेरा अंगूठा भजन कर रहा है, काका आजोबा."

बँडचं कोडंही तिनेच सोडवलं. म्हणाली, बँड कानात शिरतो, हातात उतरत नाही. हे उतरतं. लहानपणी आजोबा मला पुढ्यात उभं करून गजरात माझेच हात टाळीला धरायचे ना.

आतल्या खोलीत दादा जागा होता की नाही मला ठाऊक नाही. मी दार लोटून घेतलं. जमलं नाही तर उगाच आशा नको.

रोग कळला, पण औषध सापडेना. मोठच्या वाटेवर गाडीत तिने कानात कापूस घालून पाहिला. म्हणाली, एक तर देवळातला कर्णा इतका मोठा आहे की ठेका पायातून चढतो, आणि कान बंद केले तर रिमोट धोक्याची शिट्टी देतो ती ऐकू यायची नाही. ते मला परवडणारं नाही, जवळ माणसं असतात. मी म्हटलं, बुवांनाच विचारू, आज गजर संथच ठेवाल का. देवळात पोचल्यावर विचारलं. बुवा उपरणं घडी करत होते. त्यांनी रागावल्यासारखं केलं नाही, विचार केला.

"गजर मी चढवत नाही, नीलकंठराव," ते म्हणाले. "तो चढतो. मी फक्त वाटेत येत नाही."

खरंच होतं.

मग एकच उपाय राहिला. तिच्या कानाशी दुसरी कुठली तरी लय हवी होती, गजराइतकीच तिच्या ओळखीची, पण न चढणारी. आमचे वडील आम्हा दोघा भावांना बोटाला धरून देवळाला प्रदक्षिणा घालायचे तेव्हा एक ओळ म्हणायचे, त्यांचीच जुळवलेली: एक पाऊल, एक नाम, पुढे देव, मागे काम. पावलाला पाऊल लागेल इतक्या हळू. पोरं धावत सुटू नयेत म्हणून काढलेली युक्ती ती. जाईला ती ओळ दादाने शिकवलेली होती. कुणीतरी तिच्या कानाशी ती म्हणत उभं राहायला हवं होतं, आणि ते मीच, कारण दुसऱ्या कुणाला ती चाल येत नव्हती.

म्हणजे गजरात मी नसणार.

मी हे बुवांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. बुक्क्याची डबी उघडली आणि म्हणाले, "मग तुमचा आजचा बुक्का आत्ताच लावून घ्या."

खळ्यावर मोहरीचा वास होता. भिंतीपलीकडे पूर्वरंग संपत आला तसा बुवांचा आवाज खाली आला, आणि जाईने ड्रोन वर घेतला. तो दीपमाळेच्या जरा वर जाऊन ठरला. वारा बेताचाच होता. पहिला मोरया उठला. जाईने मान हलवली आणि मी तिच्या कानापाशी जाऊन ओळ धरली. एक पाऊल, एक नाम.

सुरुवात सोपी होती, कारण दोन्ही लयी जवळजवळ सारख्याच चालल्या होत्या. मग तिकडची उचलली. आता मी काय सांगू? मागून शंभर माणसं एका दिशेला ओढतायत आणि आपण शेतात उभं राहून दुसरीकडे चालायचं. माझी टाच ठेका धरायला लागली, ती मी जमिनीत दाबली. हात झांजा शोधत होते, ते भिंतीवर टेकवले. पेटीने दुगुण घेतली असावी, कारण माझ्या पाठीवर काटा आला आणि माझ्या ओळीतलं दुसरं पाऊल पहिल्याच्या अंगावर गेलं.

"धीरे," जाई ओठातल्या ओठात म्हणाली. नजर स्क्रीनवरून हलवली नाही.

मी डोळे मिटले. वडिलांचं बोट आठवलं, बोटाचं जाड कांडं, आणि आपण पुढे ओढलं की ते बोट जराही न ओढता कसं आपल्याला मागे ठेवायचं. मग मला पलीकडचं ऐकू यायचं थांबलं नाही, ते येतच होतं, पण मी त्याच्या काठाने चालू शकलो. पुढे देव, मागे काम. पुन्हा. पुन्हा. आयुष्यात एवढा मोठा गजर मी एवढा हळू कधी ऐकला नव्हता. त्यात नाव वेगवेगळं करून ऐकू येत होतं. बायकांचं वेगळं, म्हाताऱ्यांचं वेगळं, एका कुणाचं तरी बेसूर पण सगळ्यांच्या वर.

जाईने हात खाली घेतला. ड्रोन खळ्यावर उतरला तेव्हा पलीकडे गजर टिपेला होता आणि आमचं संपलंही होतं. मी विचारलं, जमलं का? ती म्हणाली, घरी मोठ्या पडद्यावर बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही. दोनदा तोंड पोळलं तिचं. ते बरोबरच होतं.

घरी आलो तर दादा आधी बघायलाच तयार होईना. म्हणाला, जेवून घ्या, दमला असाल. जाईने ऐकलं नाही. लॅपटॉप त्याच्या मांडीवरच ठेवला, चष्मा स्वतःच त्याच्या नाकावर चढवला.

विहीर आली. मग बायका. चित्र एका चालीने सरकत होतं, इतकं सावकाश की एकेक माणूस उजवीकडून आत यायचं, थोडं थांबल्यासारखं व्हायचं, आणि डावीकडे निरोप घेऊन जायचं. माणसांचे हात मात्र वेड्यासारखे टाळ्या वाजवत होते. शांत वाहणाऱ्या पाण्यात मासे सळसळावेत तसं काहीसं ते दिसत होतं.

आणि दादा नावं घ्यायला लागला. आधी मनात, मग ओठांवर, मग मोठ्याने. ही निवेदिता, काठी घेतली हिने. ही स्वाती. हा कानपूरचा, ह्याच्याशेजारी त्याचा जावई उभा आहे, म्हणजे भांडण मिटलं वाटतं. क्षमा म्हणाली, मिटलं, काल एका ताटात प्रसाद खाल्ला. दादाने मान डोलावली. पेटीवाला आला, नीट आला, त्याची सुटलेली गुंडीसुद्धा दिसली. बुवा आले. त्यांच्या मागे उघडं दार, आणि दारात समईच्या उजेडात शेंदराचा तेवढा एक ठिपका. तिथे चित्र ठरलं.

दादाने चष्म्याखाली बोट घातलं आणि डोळे पुसले.

"पुन्हा लाव," तो म्हणाला.

दुसऱ्यांदा त्याने नावं घेतली नाहीत. पेटीपाशी आल्यावर मात्र त्याने हात वर केला आणि जाईला थांबवायला लावलं. पेटीशेजारी सतरंजीवर झांजा नुसत्या ठेवलेल्या होत्या.

"तू कुठे आहेस?"

मी सांगितलं. भिंतीपलीकडे होतो. का होतो तेही सांगितलं, अंगठ्याचं, कापसाचं, वडिलांच्या ओळीचं. जाईने मध्ये मध्ये भर घातली, मी कुठे घसरलो तेही न विसरता सांगितलं. दादा ऐकत राहिला. तो गंभीर झाला की मला अजून लहान असल्यासारखं होतं.

"गजर सोडलास?" त्याने विचारलं.

"ऐकला," मी म्हटलं. "फक्त म्हटला नाही."

तो माझ्याकडे न बघता जाईकडे वळला आणि तिची चौकशी सुरू केली. मशीन उडवताना तुझे दोन्ही कान लागतात की एक पुरतो? फोन कानाला अडकवून ठेवता येतो ना, ते कानात घालायचं बारीक बोंड असतं ते? जाई म्हणाली, एक कान मशीनला ठेवला की झालं, दुसरा मोकळा. देवळामागे रेंज असते का? खळ्यावर असते, विहिरीकडे नसते, ती म्हणाली. मग बोलणं तिथवर पोचायला वेळ लागतो का, मध्ये तुटतं का, तुटलं तर ती काय करेल, हे सगळं त्याने एकेक करून विचारलं. कंबर दुखावल्यापासून इतके प्रश्न त्याने विचारले नव्हते.

"ठीक," तो शेवटी म्हणाला. "पुढच्या वर्षी ओळ मी इथून म्हणेन. बाबांची चाल नीलकंठ जरा घाईनेच म्हणतो, लहानपणापासून." मग माझ्याकडे वळला. "आणि तू आपला आत बस. पण पेटीपासून, म्हणजे तिथल्या माइकपासून, थोडा लांब. तुझ्या झांजा हिच्या फोनमधून माझ्यापर्यंत आल्या, तर इथे पलंगावर माझीही लय चढेल."